नत्र गेलं कुठे?

वाचकांचे प्रश्न : गोठ्याचं सांडपाणी आणि सूक्ष्म शेवाळ

शेवाळ वापरून जनावरांचं सांडपाणी शुद्ध करण्याबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. माझी सगळी नोकरी अशा हिरव्या तळ्यांच्या काठावर गेली, त्यामुळे विषय आवडीचा आहे आणि म्हणूनच थोडी कडक बोलणार आहे. ज्यांनी आकडे कळवले त्यांना सविस्तर उत्तर दिलं आहे. नुसतं ‘पाणी फार घाण आहे’ असं लिहिणाऱ्यांनी पुढच्या वेळी निदान सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता) तरी मोजून कळवावा.

प्रश्न : माझ्याकडे ५० दुधाळ गाई आहेत. शेण-मूत्र बायोगॅसच्या टाकीत जातं. घट्ट भाग वेगळा काढल्यावर रोज सुमारे १० हजार लिटर पातळ स्लरी उरते. तपासणीत तिच्यात लिटरला १२०० मिलिग्रॅम अमोनिया-नत्र निघालं. शेवाळ ९० टक्के नत्र काढतं असं वाचलं आहे. तळं केवढं खणू?

खणण्याआधी कागदावर गुणाकार करू. १० हजार लिटर गुणिले १.२ ग्रॅम, म्हणजे रोजचं १२ किलो नत्र (नायट्रोजन). हे १२ किलो शेवाळाच्या अंगात भरायचं आहे. उघड्या उथळ तळ्यात चांगल्या उन्हात चौरस मीटरमागे दिवसाला साधारण १५ ग्रॅम कोरडं शेवाळ तयार होतं. त्यात नत्र सुमारे ७ टक्के, म्हणजे चौरस मीटरमागे रोज जेमतेम १ ग्रॅम नत्र उचललं जातं. तेव्हा तुमच्या १२ किलोला साडेअकरा हजार चौरस मीटर पाणपृष्ठ लागेल, म्हणजे एक हेक्टरपेक्षा जास्त. ढगाळ दिवसांत आणि थंडीत उत्पादन १० ग्रॅमच्या खाली जातं, त्या वेळी तेवढंही पुरणार नाही.

तळं खोल करून जागा वाचवता येईल का, हा पुढचा प्रश्न मला आताच ऐकू येतोय. नाही. शेवाळाला ऊन लागतं आणि हिरव्या पाण्यात ऊन काही सेंटिमीटरपर्यंतच पोचतं. म्हणून अशी तळी २० ते ४० सेंटिमीटर खोलीची, लांबट, वळणावळणाची करतात आणि पॅडलच्या चाकाने पाणी सेकंदाला १५ ते ३० सेंटिमीटर वेगाने फिरतं ठेवतात, म्हणजे प्रत्येक पेशीला आळीपाळीने वर यायला मिळतं. खोली वाढवली तर फक्त अंधार वाढतो.

आता बाष्पीभवन बघा. कोरड्या उष्ण दिवसांत पाणपृष्ठावरून रोज ५ मिलिमीटर पाणी सहज उडतं. साडेअकरा हजार चौरस मीटरवरून ते होतं ५७ हजार लिटर. तुम्ही रोज ओतणार १० हजार. म्हणजे ‘शुद्ध झालेलं पाणी’ बाहेर पडण्याचा प्रश्नच येत नाही, उलट तळं भरतं ठेवायला तुम्हालाच रोज पाणी घालावं लागेल, आणि क्षार साठत जातील ते वेगळेच. हा हिशेब माहितीपत्रकांत कधी छापलेला मी पाहिला नाही.

याचा अर्थ शेवाळ निकामी आहे असा मुळीच नाही. चांगलं गवत हेक्टरी वर्षाला २०० ते ३०० किलो नत्र उचलतं. शेवाळाचं तळं, वर्षाची सरासरी १० ग्रॅम धरली तरी, अडीच हजार किलो उचलतं. जागेच्या मानाने हे फार मोठं काम आहे. पण तुमच्याकडे चाऱ्याची जमीन असेल तर दाट स्लरी सरळ तिलाच द्या. त्याहून स्वस्त आणि शहाणा उपाय मला माहीत नाही. शेवाळासाठी ठेवा ते गोठा आणि दूध काढण्याची जागा धुतलेलं पातळ पाणी. समजा ते रोज ८ हजार लिटर आहे आणि त्यात लिटरला ८० मिलिग्रॅम नत्र आहे. एकूण झालं ६४० ग्रॅम, म्हणजे सहाशेएक चौरस मीटरचं तळं. उन्हाने उडतील ३ हजार लिटर, पाचेक हजार लिटर हाती लागतील. हा व्यवहार जमतो. तुमच्या धुणीपाण्याचा आकडा पत्रात नाही. तो मोजा आणि मग फावडं हातात घ्या.

प्रश्न : काचेच्या बरणीत स्लरी, शेवाळ आणि मत्स्यटाकीचा हवेचा पंप असा प्रयोग केला. दहा दिवसांत अमोनिया ६०० मिलिग्रॅमवरून १०० वर आला! शेवाळ लिटरला १ ग्रॅम मिळालं. हे यश म्हणायचं ना?

तुम्ही दोन्ही आकडे दिलेत म्हणून तुमचं मनापासून कौतुक. आता ते एकमेकांशेजारी ठेवा. पाण्यातून गेलं ५०० मिलिग्रॅम नत्र. १ ग्रॅम शेवाळात मावतं फार तर ७० ते ८० मिलिग्रॅम. उरलेलं सव्वाचारशे कुठे गेलं?

बहुधा तुमच्या खोलीच्या हवेत गेलं. शेवाळ प्रकाशात पाण्यातला कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) खातं, त्यामुळे सामू चढतो. सामू ८ असताना, २५ अंश तापमानाला, अमोनियाचा जेमतेम ५ टक्के भाग वायुरूपात असतो. सामू ९ झाला की तो ३६ टक्के होतो आणि १० झाला की ८५ टक्के. त्यात तुम्ही खालून हवेचे बुडबुडे सोडत होतात, म्हणजे वायूला बाहेर न्यायला वाहनच दिलंत. जवळ गेल्यावर डोळे चुरचुरले असतील तर शंकाच नको. हा अमोनिया हवेतून पुन्हा कुठल्यातरी जमिनीवर आणि पाण्यावर उतरतो. घाण नाहीशी झालेली नसते, तिने फक्त पत्ता बदललेला असतो. थोडं नत्र जिवाणूंनीही हलवलं असेल: काही जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, आणि जिथे प्राणवायू नाही अशा कोपऱ्यात दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. तो मात्र निरुपद्रवी, आपल्या श्वासात असतोच.

पुढच्या वेळी शेजारी दुसरी बरणी ठेवा. तीच स्लरी, तोच पंप, पण शेवाळ घालायचं नाही आणि भोवती काळा कागद गुंडाळायचा. सामू रोज मोजून पहिल्या बरणीइतकाच ठेवायचा. तिच्यातून जेवढा अमोनिया कमी होईल तो शेवाळाच्या खात्यावर मांडायचा नाही. छापून आलेल्या ९० टक्क्यांच्या आकड्यांनाही मी हीच परीक्षा लावते, आणि त्यांतले बरेच तिथेच अडखळतात.

प्रश्न : ताई, तळ्यात स्लरी सोडली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेवाळ पिवळं पडतं. ऊन तर कडक असतं. मग खत जास्त होतंय का?

कडक उन्हामुळेच होतंय. वरच्या उत्तरातला सामूचा चढ इथेही आहे. वायुरूप अमोनिया पेशीत सहज शिरतो आणि प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच थांबवतो. अबेलिओविच आणि अझोव्ह यांनी १९७६ साली सांडपाण्याच्या तळ्यांतल्या सेनेडेस्मस या शेवाळावर हे दाखवलं: सामू ८ च्या वर आणि अमोनिया-नत्र लिटरला सुमारे २८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की वाढ खुंटते. जातीजातीत सहनशक्ती वेगळी असते, पण दिशा हीच. सकाळी जी मात्रा निरुपद्रवी होती तीच दुपारी दोन वाजता विष ठरते, कारण मधल्या वेळात शेवाळानेच सामू वर नेलेला असतो.

तेव्हा एकदम ओतू नका. थोडी थोडी सोडा, आणि निथळून शेवाळ काढलेलं तळ्याचंच पाणी परत घेऊन त्यात मिसळून सोडा. पातळ करायला गोडं पाणी वाया घालवायचं कारण नाही. पातळ केल्याने दुसराही फायदा होतो. स्लरीचा तपकिरी रंग ऊन अडवतो, तो फिका पडतो. बायोगॅस जाळून इंजिन चालवत असाल तर त्याचा धूर थंड करून पाण्यात बुडबुड्यांनी सोडता येतो. त्यातला कर्बवायू सामू ८ च्या आसपास धरून ठेवतो, शेवाळाला खाद्यही मिळतं. एक किलो कोरडं शेवाळ तयार व्हायला जवळपास १.८ किलो कर्बवायू लागतो आणि स्लरीत नत्राच्या मानाने कर्ब बहुधा कमीच पडतो.

प्रश्न : आमच्या तळ्याने कमाल केली. आठवडाभर गर्द हिरवं होतं आणि दोन दिवसांत आपोआप नितळ झालं, तळ दिसू लागला. म्हणजे शुद्धीकरण पूर्ण झालं, आता पाणी ओढ्यात सोडू का?

थांबा, सोडू नका!

ग्लासभर पाणी उन्हासमोर धरा. बारीक पांढुरके ठिपके झटके मारत पोहताना दिसले तर त्या पाणपिसवा आहेत, डॅफ्निया किंवा मोइना. काहीच दिसलं नाही तर एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. डोक्यावर चक्रासारखे केस फिरवणारे चक्रधर जीव, म्हणजे रोटिफर, दिसतील. यांनी तुमचं शेवाळ खाल्लं. खाल्लेल्या नत्रातला मोठा वाटा ते अमोनियाच्या रूपात परत पाण्यात टाकतात. पाणी नितळ आहे, पण त्यातलं नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) बरंचसं तिथेच आहे. शिवाय प्राणवायू करणारं शेवाळ गेलं, त्यामुळे एक-दोन दिवसांत वास सुटेल.

तुमच्या पत्रामुळे मला या अंकातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगता येते. शेवाळ पाणी शुद्ध करत नाही. ते पाण्यातली पोषकद्रव्यं गोळा करून स्वतःच्या अंगात धरून ठेवतं, तेही काही काळच. ते शेवाळ पाण्याबाहेर काढलं तरच शुद्धीकरण झालं. काढलं नाही, तर पाणपिसवा खातील, नाहीतर ते आपोआप मरून तळाशी कुजेल, आणि दोन्ही वाटांनी नत्र पाण्यात परत येईल. हिरवंगार तळं ओढ्यात सोडलं तर हेच सगळं ओढ्यात होईल, आणि मासे रात्री प्राणवायूअभावी मरतील.

आता करायचं काय? पाणी अडवून ठेवा. दुसऱ्या निरोगी तळ्यातलं हिरवं पाणी भरपूर प्रमाणात आणून घाला. काही जण रात्री कर्बवायू सोडून किंवा सामू आणि अमोनिया काही तासांपुरता चढवून हे प्राणी मारतात. ते शेवाळापेक्षा नाजूक असतात म्हणून जमतं, पण तासांचा अंदाज चुकला तर शेवाळही जातं. सूक्ष्मदर्शक आठवड्यातून दोनदा वापरला असता तर पहिले दोन-चार रोटिफर दिसले असते. मी तो तळ्याच्या काठावरच्या खोपटात ठेवायची. कार्यालयात ठेवलेला सूक्ष्मदर्शक कोणी वापरत नाही.

प्रश्न : शेवाळ काढायचं कसं? सुती कापडाने गाळून पाहिलं, हिरवं पाणी जसंच्या तसं खाली येतं.

येणारच. क्लोरेलाची पेशी २ ते १० मायक्रॉनची, कापडाच्या छिद्रांतून ती आरामात जाते. तिचं वजन पाण्याच्या जवळपास, म्हणून ती पटकन बुडत नाही. आणि पेशींवर ऋण विद्युतभार असल्याने त्या एकमेकींना दूर ढकलतात, म्हणून गोळा होत नाहीत. त्यातही हजार लिटर पाण्यात सगळं मिळून अर्धा किलो कोरडं शेवाळ. या धंद्याचा खरा खर्च इथे आहे. फिरवून वेगळं करणारं सेंट्रिफ्यूज उत्तम काम करतं आणि विजेचं बिलही उत्तम आणतं. तुरटी किंवा लोहक्षार घातले की गठ्ठे बसतात, पण ते धातू शेवाळात मिसळतात आणि पुढे त्याचं काय करायचं हा प्रश्न उरतो. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून केलेलं कायटोसान हे काम धातूंशिवाय करतं, महाग मात्र आहे.

मला सगळ्यात आवडणारी युक्ती न्यूझीलंडमधल्या पार्क आणि क्रॅग्ज यांच्या प्रयोगांतली. तळ्याच्या पाण्यातलं जे शेवाळ आपोआप तळाशी बसतं, त्यातलं थोडं रोज परत तळ्यात सोडायचं. न बसणारं पाण्याबरोबर निघून जातं, बसणाऱ्याला पुन्हा संधी मिळते. होता होता तळ्यात पेडियास्ट्रमसारख्या मोठ्या, चकतीसारख्या वसाहती करणाऱ्या जातींचं राज्य येतं, आणि साध्या निथळण्याच्या टाकीतच बराचसा माल खाली बसतो. म्हशींची निवड जशी दुधावर करतात तशी इथे निवड बुडण्यावर. औषध नाही, यंत्र नाही, धीर मात्र लागतो. आठवड्यांत नव्हे, महिन्यांत फरक दिसतो.

जागा बेताची असेल तर शेवाळ पाण्यात तरंगत ठेवण्याऐवजी पृष्ठभागावर वाढवण्याच्या पद्धतीही आहेत. कापडी पट्टा अर्धा पाण्यात, अर्धा हवेत फिरत राहतो, त्यावर शेवाळाचा थर चढतो आणि तो खरवडून काढायचा. स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांची उतरत्या जाळीवर शेवाळाचं लव वाढवण्याची पद्धतही याच कुळातली, फक्त त्यात तंतुमय शेवाळ मुख्य असतं. खरवडलेला माल आधीच घट्ट असतो, अर्धी लढाई तिथेच जिंकलेली असते.

प्रश्न : एका विक्रेत्याकडे खास सांडपाण्यासाठीचं ‘सुपर’ शेवाळाचं कल्चर आहे. घ्यावं का?

नको. उघड्या तळ्यात कोण राहील ते तुमचं पाणी, ऊन आणि खाणारे प्राणी ठरवतात, बाटलीवरची चिठ्ठी नाही. तुमच्याच स्लरीच्या खड्ड्याच्या कडेला जो हिरवा थर आहे, तो तिथल्या अमोनियात टिकलेला आहे. तोच बादलीत वाढवा आणि तळ्यात घाला. त्याच्यासोबत जिवाणूही येतील आणि ते हवेच आहेत. शेवाळ प्राणवायू देतं, जिवाणू त्यावर सेंद्रिय घाण पचवतात आणि कर्बवायू परत देतात. ही जोडी काही नवी नाही. ओस्वाल्ड आणि गोटास यांनी १९५० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात नेमक्या याच देवाणघेवाणीवर सांडपाण्याची तळी बांधली, कारण हवा सोडणाऱ्या पंपांची वीज वाचत होती.

प्रश्न : या शेवाळापासून डिझेल करता येईल?

येईल, पण परवडणार नाही. शेवाळात तेल साठतं ते नत्र कमी पडल्यावर, उपासमारीत. तुमच्या पाण्यात नत्राची मेजवानी आहे, त्यामुळे शेवाळ प्रथिनं करतं, तेल नाही. पाणी शुद्ध करणं आणि तेल काढणं या दोन विरुद्ध दिशा आहेत.

प्रश्न : डुकरांच्या फार्मचं पाणी आहे. तयार शेवाळ डुकरांनाच खाऊ घालता येईल का? प्रथिनं भरपूर असतात म्हणतात.

प्रथिनं खरोखर भरपूर, कोरड्या वजनाच्या निम्म्यापर्यंत. तरीही माझं उत्तर नाही असंच आहे. डुकरांच्या खाद्यात तांबं आणि जस्त मिसळतात, त्यातलं बहुतेक विष्ठेतून बाहेर येतं आणि शेवाळ धातू ओढून घेण्यात पटाईत आहे. पिलांचे जुलाब थांबवायला जस्ताचं ऑक्साइड औषधाच्या मात्रेत देण्यावर युरोपीय संघाने २०२२ साली बंदी आणली, त्यामागे मातीत साठणारं जस्त हेही एक कारण होतं. प्रतिजैविकांचे अंश आणि रोगजंतू यांची भर वेगळी. ऊन, चढता सामू आणि प्राणवायू यांनी जिवाणू बरेच मरतात, पण कृमींची अंडी चिवट असतात, ती शेवाळाबरोबर तळाशी बसतात. त्याच कळपाला तेच परत खाऊ घालणं म्हणजे रोगाचं चक्र स्वतःच्या हाताने पुरं करणं.

खत म्हणून वापरा. धातू तपासून घ्या, कंपोस्ट करा, मग मातीत घाला. त्यातलं नत्र सावकाश सुटतं. बायोगॅसच्या टाकीत परत टाकण्याचा मोह होईल; पेशीभित्ती घट्ट असल्याने गॅस बेताचा मिळतो आणि त्यातलं नत्र फिरून तुमच्याच तळ्यावर येतं.

प्रश्न : आमचा स्लरीचा खड्डा जांभळट गुलाबी झाला आहे. शेवाळाचा रोग आहे का?

रोग नाही, आणि ते शेवाळही नाही. हे जांभळे प्रकाशजीवी जिवाणू. प्राणवायू नसलेल्या पाण्यात उजेड मिळाला की वाढतात आणि त्यांतले काही सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वापरून टाकतात, म्हणून जांभळ्या खड्ड्याला वास कमी येतो. राहू द्या. मात्र पृष्ठभागावर हिरव्या-निळ्या ऑइलपेंटसारखी साय दिसली तर जनावरांना तिथे पाणी पिऊ देऊ नका. ते नीलहरित जिवाणू असू शकतात आणि त्यांतल्या मायक्रोसिस्टिससारख्या काहींचं विष यकृतावर जातं.

प्रश्न : छोटं तळं सुरू करतोय. बजेट कमी आहे, कोणती उपकरणं घेऊ?

सामू मोजण्याचं पेन, विरघळलेल्या प्राणवायूचा मीटर, अमोनियाच्या चाचणीचा संच आणि लिटरभर पाणी मावेल असा निमुळत्या तळाचा पारदर्शक शंकू. सामू आणि प्राणवायू दिवसातून दोनदा मोजा: सूर्योदयाआधी आणि दुपारी दोनच्या सुमारास. दोन आकड्यांतलं अंतर मोठं असेल तर शेवाळ काम करतंय. अंतर आठवड्यात घटत चाललं तर सूक्ष्मदर्शक काढा, कोणीतरी चरतंय. शंकूत पाणी तासभर ठेवून खाली किती मिलिलिटर साका बसतो ते लिहा. आणि काढलेलं शेवाळ दर वेळी वाळवून तोला, त्याच्या ७ टक्के नत्र धरा, आणि तळ्यात सोडलेल्या नत्राशेजारी तो आकडा मांडा. पुढच्या पत्रात हे दोन आकडे पाठवा, बाकीचं मी त्यावरून सांगते.